जिप्सी २ इंच उंच केली, मग शॉकही २ इंच लांब घ्यायचे का?

तुम्ही लिहिलंय की मारुती जिप्सीला नवे, जास्त कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) टाकून गाडी साधारण ५० मिमी उचलली आहे, जुने शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) अजून तसेच आहेत, आणि दुकानदार म्हणतो, "गाडी २ इंच वर गेली, शॉक २ इंच लांब घ्या." हा सल्ला कधी कधी योगायोगाने जमतो. पण शॉकची लांबी किती इंच उचललं यावरून ठरत नाही, मोजून ठरते. आणि आधी बघायची ती शॉकची पूर्ण दाबलेली लांबी. उघडी लांबी नंतर.

कारण असं. शॉकचं खालचं टोक ॲक्सलला (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याला), वरचं चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला). चाक जास्तीत जास्त किती वर जाणार हे बंपस्टॉपचं रबर, म्हणजे ॲक्सलला वर थांबवणारा रबरी ठोकळा, ठरवतं. तुम्ही पाटे बदलले तेव्हा उभ्या गाडीत ॲक्सल आणि चॅसीमधलं अंतर ५० मिमी वाढलं, पण बंपस्टॉप जागेवरच आहे आणि शॉकचे ब्रॅकेटही. म्हणजे खड्ड्यात आदळून ॲक्सल बंपस्टॉपवर टेकेल, तेव्हा शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर पूर्वी होतं तेवढंच असणार. लिफ्टने खालची हद्द लांबली, वरची हद्द हललीच नाही. लांब शॉक मात्र दाबल्यावरही लांबच राहतो.

शॉकचं गणित एकदा समजून घ्या. दाबलेल्या लांबीत दोन गोष्टी असतात: रॉडची चाल (रॉड जेवढा आत-बाहेर सरकतो ते अंतर), आणि कधीच न दाबला जाणारा भाग, म्हणजे दोन्ही टोकांचे डोळे (बोल्ट जाणारी कडी), व्हॉल्व्ह, सील, रॉडचं गाइड. या दुसऱ्या भागाला अचल भाग म्हणू. साध्या दुहेरी नळीच्या, दोन्ही टोकांना डोळे असलेल्या शॉकमध्ये तो १२० ते १५० मिमीच्या आसपास धरून चाला. मग दाबलेली लांबी = चाल + अचल भाग, आणि उघडी लांबी = चालीची दुप्पट + अचल भाग. यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे: उघडी लांबी ५० मिमीने वाढली की दाबलेली लांबी २५ मिमीने वाढते. ते २५ मिमी बंपस्टॉपपाशी तुमच्याकडे शिल्लक आहेत का, हाच खरा प्रश्न.

एकाच नळीच्या गॅस शॉकमध्ये गॅसचा कप्पा आणि तरंगता पिस्टन त्याच नळीत असतो, म्हणून अचल भाग आणखी मोठा. त्याच चालीसाठी तो दाबल्यावर जास्त लांब राहतो. बाहेर वेगळी डबी असलेले शॉक महाग पडतात, पण त्यांचा एक फायदा हाच की गॅस बाहेर गेल्याने अचल भाग घटतो.

आता मोजायचं कसं. गाडी सपाट जागी उभी करा आणि नेहमी जेवढं ओझं घेऊन फिरता तेवढं ठेवा: भरलेली टाकी, स्टेपनी, टूल, ओढायचा पट्टा, मागे बसणारी माणसं. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप मागच्या ॲक्सलला हमखास चुकतं. शॉक काढण्याआधी वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. तुमच्या शॉकला एखाद्या टोकाला डोळ्याऐवजी उभी पिन असेल, तर पिनच्या टोकापासून मोजू नका, बुशचा (रबरी अस्तराचा) वॉशर ज्या खांद्यावर बसतो तिथून मोजा. कॅटलॉगमध्येही ते माप कुठून घेतलंय ते विचारा, इथे २०-२५ मिमीची चूक सहज होते.

मग शॉक काढून टाका. पाट्यांच्या गाडीत अडचण अशी की ॲक्सलखाली जॅक लावून दाबलं तर बंपस्टॉप लागण्याआधी गाडीच उचलली जाते. दोन मार्ग आहेत. पहिला: पाट्यांच्या गठ्ठ्यातला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढायचे, चॅसी मजबूत घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवायची आणि ॲक्सल जॅकने वर नेऊन बंपस्टॉपवर टेकवायचा. दुसरा: पाटे तसेच ठेवून गाडी तिरकी मोडायची, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक रॅम्पवर किंवा दगडी ओट्यावर चढवायचं, उरलेली दोन लोंबू द्यायची. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण घाटातल्या चिखलाच्या चाकोऱ्यांत आणि ओढ्यांत गाडी तशीच मोडते. फक्त शॉकशिवाय गाडी भलतीच डोलते. इंजिन बंद, गिअरमध्ये, टेकलेल्या चाकांना उटी, आणि गाडी फक्त जॅकवर असताना खाली कोणीही जायचं नाही.

तिरक्या मोडीत आणखी एक गोष्ट कळते, जी सरळ दाबून कळत नाही. एका बाजूचा बंपस्टॉप टेकला आणि दुसरं चाक खाली गेलं की ॲक्सल त्या बंपस्टॉपवर तराजूसारखा झुलतो. शॉकचं खालचं टोक बंपस्टॉपच्या बाहेरच्या बाजूला, चाकाकडे असेल तर ते बंपस्टॉप टेकल्यानंतरही थोडं वर जातं. आतल्या बाजूला असेल तर उलट. म्हणून दाबलेलं माप दोन्ही अवस्थांत घ्या आणि त्यातलं लहान ते धरा.

रबर टेकलं म्हणजे शेवट नव्हे. जोरात आदळल्यावर बंपस्टॉपचं रबर साधारण अर्ध्यापर्यंत दबतं. ५० मिमीचं रबर असेल तर टेकल्यानंतर अजून २५ मिमी वजा करा. शिवाय शॉक कधीच शेवटच्या मिलिमीटरपर्यंत दबू नये म्हणून १५ मिमी मोकळे ठेवा.

आकडे धरून बघू. ही मापं नमुन्याची आहेत, तुमच्या गाडीची तुम्हीच घ्यायची. उभ्या गाडीत बोल्ट ते बोल्ट ४३० मिमी (लिफ्टआधी ३८०). बंपस्टॉप टेकताना ३७०, रबर दबून ३४५. लोंबत्या चाकाला ५४०. जुना शॉक ३०५ दाबलेला, ४८० उघडा, म्हणजे चाल १७५ आणि अचल भाग १३०.

जुना शॉक तसाच ठेवला तर काय होतं? उभ्या गाडीतून खाली जायला चाकाला फक्त ५० मिमी उरतात, आधी १०० होते. चाक खड्ड्यात उतरलं की शॉक पूर्ण उघडतो आणि अख्खा ॲक्सल रॉडवर लोंबतो. टक् असा लोखंडी आवाज येतो तो याचाच. काही दिवसांत डोळ्यातलं रबर फाटतं, सील गळायला लागतं, ब्रॅकेटची वेल्डिंग तडकते. गाडी कडक झाली अशी तक्रार लिफ्टनंतर बरेच जण करतात. दोष नव्या पाट्यांना दिला जातो, पण अनेकदा तो आखूड पडलेल्या शॉकचा असतो.

आदर्श शॉक कोणता? दाबलेला ३३० किंवा कमी, उघडा ५४० पेक्षा २० जास्त, म्हणजे ५६०. चाल २३० हवी, आणि अचल भाग राहतो फक्त १००. असा साधा शॉक मिळणार नाही. इथेच निवड करावी लागते.

एक पर्याय: ५६० उघडा घ्या. अचल भाग १३० धरला तर चाल २१५, दाबलेला ३४५. रबर दबल्यावर अंतरही ३४५ च, म्हणजे मोकळीक शून्य. मग बंपस्टॉपखाली १५ मिमीचा लोखंडी तुकडा टाकून तो खाली आणायचा. वर जायची चाल ८५ वरून ७० होते. दुसरा पर्याय: दुकानदाराचा २ इंच लांब शॉक, ५३० उघडा, ३३० दाबलेला. बंपस्टॉप जसाच्या तसा चालतो, पण चाक ५४० पर्यंत लोंबू द्यायचं नाही. ॲक्सल आणि चॅसीमध्ये नायलॉनचा पट्टा बांधून त्याला ५१५ च्या आसपास थांबवायचं. पट्टा ताणतो, म्हणून ५३० ला नेमका बांधून उपयोग नाही.

मी दुसरा घेईन. लोंबत्या चाकावर शेवटच्या २५ मिमीत पाट्याचा दाब फार थोडा उरतो, त्यातून पकड जवळजवळ मिळत नाही. वरची चाल मात्र प्रत्येक दगडावर वापरली जाते, आणि पाट्यांच्या छोट्या गाडीत ती आधीच कमी असते. पण मोठे टायर टाकले असतील तर विचार बदला: टायर वर गेल्यावर मडगार्डला घासत असेल तर बंपस्टॉप तसाही खाली आणावा लागणार, मग पहिला पर्याय फुकटात जमतो.

आणि शॉक गरजेपेक्षा लांब घेतला, बंपस्टॉप हलवला नाही, तर? मग बंपस्टॉपचं काम शॉक करतो. गाडीचा सगळा आदळ रॉडवर येतो. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटून तो फोडतो. बाहेरून तेल गळत नाही, शॉक ठणठणीत दिसतो, पण दाबताना विरोधच उरत नाही. नाहीतर रॉड वाकतो, किंवा खालची पिन तुटते. आखूड शॉक हळूहळू खराब होतो, लांब शॉक एका आदळीत जातो, म्हणून मी दाबलेल्या लांबीपासून सुरुवात करायला सांगतो.

जुनाच शॉक ठेवून खाली ५० मिमीचं लांबवलेलं ब्रॅकेट लावायची पद्धतही दिसेल. त्याने दाबलेली लांबी ३०५ अधिक ५०, म्हणजे ३५५ झाली. रबर दबल्यावर जागा ३४५ ची. बंपस्टॉप किमान २५ मिमी खाली आणला नाही तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात हिशेब चुकता होतो. शिवाय ते ब्रॅकेट लांब दांडीमुळे मुळाशी पिळतं. टाळा.

शॉक तिरका असेल तर दोन गोष्टी. बोल्ट ते बोल्ट मोजलं असेल तर लांबीसाठी वेगळा हिशेब लागत नाही, टेपने तो केलेलाच असतो. पण शॉक उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर चाकाच्या १०० मिमीला तो सुमारे ८७ मिमीच हलतो, आणि चाकापाशी त्याचा आवर जवळपास पाऊणच उरतो. लांब शॉक जागेत बसावा म्हणून वरचं टोक आत सरकवून शॉक आडवा करणारे हे विसरतात.

खरेदीआधी लोंबत्या अवस्थेतच बाकीचं बघून घ्या: ब्रेकचा होज ताणतोय का, प्रोपेलर शाफ्टची सरक (आत-बाहेर सरकणारा सांधा) अजून आत पुरेशी आहे का, ॲक्सलची ब्रीदर (हवा जाण्यायेण्याची) नळी निघत नाही ना. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारे झुलते दुवे) टाकले असतील तर आणखी एक धोका: चाक फार लोंबलं की शॅकल उलटा होऊन चॅसीला टेकतो आणि तिथेच अडकतो. अशा गाडीत शॉक किंवा पट्ट्याने लोंबणं रोखलंच पाहिजे. उंची पाट्यांऐवजी फक्त बॉडीखाली ठोकळे घालून वाढवली असेल तर शॉक बदलायचं कारणच नाही, चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर बदललेलं नसतं.

हे सगळं पुढे आणि मागे पाटे आणि अखंड ॲक्सल असलेल्या गाडीचं. जिम्नीत अखंड ॲक्सल आहेत, पण पाट्यांऐवजी कॉइल (गुंडाळीच्या स्प्रिंगा) आहेत. तिथे शॉक फार लांब झाला तर चाक लोंबताना कॉइल बैठकीतून सुटते, त्यामुळे उघड्या लांबीला वरूनही मर्यादा येते. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे लोंबणं बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टच्या कोनाने बांधलेलं असतं, म्हणून लांब शॉक शोधण्यापेक्षा त्या गाडीसाठी बनवलेला पूर्ण संच घ्या.

दुकानात चार गोष्टी विचारा: उघडी लांबी, दाबलेली लांबी, दोन्ही टोकांचा प्रकार बोल्टच्या जाडीसह, आणि नळीचा व्यास. "जिप्सी २ इंच लिफ्टचा" एवढंच सांगून दिलेला शॉक घेऊ नका. पुढची आणि मागची मापं वेगळी येतील, दोन्ही स्वतंत्र घ्या.

बसवताना डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. चाकं लोंबत असताना आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पिनचा नट रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगेल इतकाच.

शेवटी रॉड उघडा दिसत असेल तर त्याला एक प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट बांधून नळीपर्यंत सरकवा आणि नेहमीच्या खराब वाटेवर गाडी चालवा. रॉडवर धुळीचं झाकण असेल तर ते तेवढ्यापुरतं काढा. परत आल्यावर टाय रॉडच्या मुळापासून किती अंतरावर ढकलली गेलीय ते मोजा. १० मिमीहून कमी उरलं असेल तर त्याच दिवशी बंपस्टॉपखाली तुकडा वाढवा.