नोकरी अक्कलकोटला, नवरा पुण्यात. मग घर कुठलं?

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नऊ वर्षांपासून शिक्षिका आहे. सोलापुरात भाड्यानं राहते आणि रोज जाऊन-येऊन करते. चार वर्षांपूर्वी सोलापुरातच लग्न झालं. मुलगी अडीच वर्षांची आहे. यजमान चाकणच्या एका कंपनीत असून पिंपरीत खोली घेऊन राहतात. लग्नाच्या बैठकीत सासरे सगळ्यांसमोर म्हणाले होते, 'सून नोकरीला आहे, चांगलंच आहे.' सुरुवातीला शनिवार-रविवारी ते यायचे, सुट्टीत मी जायचे. मुलगी झाल्यावर 'राजीनामा दे आणि इकडं ये' हे सुरू झालं. मागच्या दिवाळीत मोठं भांडण झालं. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून मी गेले नाही, तेही आले नाहीत. रागाच्या भरात मी 'पुण्याला कधीच येणार नाही' असा मेसेज टाकून त्यांचा नंबर ब्लॉक केला. आता वकिलाची नोटीस आली आहे : नवरा राहतो तेच बायकोचं घर, पंधरा दिवसांत नोकरी सोडून नांदायला या, नाहीतर नांदण्यासाठी दावा आणि पुढं घटस्फोट. राजीनामा द्यावाच लागेल का? माझ्या मुलीला घेऊन जातील का?

उत्तर : ताई, राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवला असेल तर आजच फाडून टाका. नवऱ्याबरोबर राहायचं की नाही, हा निर्णय उद्या बदलता येतो, परवा पुन्हा बदलता येतो. मंजूर झालेला राजीनामा मात्र सहसा परत घेता येत नाही. मागची नऊ वर्षांची सेवा जाते आणि परत यायचं म्हटलं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, पुन्हा वयाची अट. घरच्यांच्या दबावाखाली राजीनामा देऊन आलेल्या बायका माझ्या टेबलासमोर बसल्या आहेत. तेव्हा माझ्याकडं त्यांना द्यायला फार काही नसतं.

आता नोटीस. ती कोर्टाचा हुकूम नाही. यजमानांनी एका वकिलाला सांगितलं आणि वकिलानं ते कायद्याच्या भाषेत लिहिलं, एवढीच तिची किंमत. पंधरा दिवस ही मुदतही त्या वकिलांनीच घातली आहे, कायद्यात ती कुठं नाही. पण म्हणून नोटीस कपाटात टाकू नका. उत्तर द्यायचंच आहे, आणि ते नीट द्यायचं आहे.

नोटिशीत हिंदू विवाह कायदा, १९५५ मधल्या कलम ९ चा धाक घातला आहे. आपल्याकडं त्याला सरळ 'नांदण्याचा दावा' म्हणतात. पती किंवा पत्नी वाजवी कारणाशिवाय जोडीदाराच्या सहवासातून निघून गेली, तर दुसऱ्याला हा दावा करता येतो. सगळा खटला 'वाजवी कारण' या दोन शब्दांवर फिरतो. आणि ते कारण होतं हे शाबीत करण्याचा भार निघून गेलेल्या माणसावर, म्हणजे तुमच्या बाबतीत तुमच्यावर येईल. नोकरी हे वाजवी कारण होतं का?

'नवरा राहतो तेच बायकोचं घर' हे वाक्य नोटिशीत हवेतून आलेलं नाही. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं कैलाशवती विरुद्ध अयोध्याप्रकाश या १९७७ च्या निकालात जवळपास तसंच म्हटलं होतं. योगायोग बघा, तिथंही बाई शिक्षिकाच होती. घर कुठं करायचं हे ठरवण्याचा हक्क नवऱ्याचा, आणि बायकोनं आपणहून दूरची नोकरी धरली म्हणून तो हक्क जात नाही, असा त्याचा सूर. नवऱ्याकडचे वकील अजूनही तो निकाल काढतात.

पण पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं स्वराज गर्ग प्रकरणात याच्या उलट सांगितलं. ती बाई पंजाबातल्या सुनाम इथं शिक्षिका होती, नवरा दिल्लीत. कोर्टानं विचारलं की, घराची जागा एकट्या नवऱ्यानंच ठरवावी असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठंच नाही. दोघं कमावते असतील तर घर कुठं करायचं हे दोघांनी समजुतीनं, एकमेकांची सोय बघून ठरवायचं. नवऱ्याला एकट्याला तो अधिकार दिला तर ते संविधानाच्या अनुच्छेद १४ मधल्या समानतेशीही जुळत नाही. नवऱ्याची मागणी फेटाळली गेली. त्याआधी १९७५ मध्ये प्रवीणबेन प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयानंही नोकरीसाठी वेगळं राहणाऱ्या बायकोच्या बाजूनंच निकाल दिला होता.

यातला कुठलाच निकाल सोलापूरच्या कोर्टावर बंधनकारक नाही. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचं म्हणणं इथं विचारात घेतलं जातं, पाळायलाच हवं असं नसतं. तरीही माझ्या मते आजचा न्यायाधीश कैलाशवतीच्या वाटेनं जाणार नाही. २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं तर, नोकरी सोडून माझ्याकडं राहायला ये, अशी बायकोवर सक्ती करणं हीच क्रूरता मानली आणि बायकोला घटस्फोट दिला. वारं कुठल्या दिशेला आहे ते यावरून दिसतं.

म्हणजे नोकरीचा मुद्दा तुमच्या बाजूनं आहे. तुमची अडचण दुसरीकडं आहे, आणि ती तुमच्या हातानं तयार झाली आहे.

'पुण्याला कधीच येणार नाही.' ताई, अख्ख्या पत्रात हे एकच वाक्य मला खटकलं, आणि समोरच्या वकिलाला नेमकं तेच आवडेल. घटस्फोटासाठी 'परित्याग' शाबीत करायला दोन गोष्टी लागतात : दावा दाखल होण्याआधी सलग दोन वर्षं वेगळं राहणं, आणि संसार कायमचा मोडण्याचा इरादा. नुसतं अंतर पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्ये बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती खटल्यात हेच सांगितलं. त्यात नवऱ्यानं आधी बायकोला वकिलाचं पत्र धाडलं, आणि पुढं ती परत यायला निघणार तेव्हा त्यानंच तार केली, प्रभाला पाठवू नका. बायकोनं नवऱ्याला टाकलं, असं काही कोर्टानं मानलं नाही.

तुमचे आठ महिने झालेत, चोवीस नव्हेत. त्यात यजमानांनीही येणं थांबवलं, हे तुमच्या पथ्यावर आहे. पण ब्लॉक केलेला नंबर तसाच राहिला आणि तो मेसेज हाच तुमचा शेवटचा शब्द ठरला, तर इरादा दाखवायला त्यांना दुसरं काही शोधावं लागणार नाही. 'नोकरी सोडणार नाही' आणि 'तुमच्याकडं येणार नाही' ही दोन वाक्यं घरातल्या भांडणात सारखीच वाटतात. कोर्टात पहिलं वाक्य तुमचा बचाव आहे, दुसरं समोरच्याचा पुरावा.

म्हणून नोटिशीच्या उत्तरात भांडणाचा पाढा वाचू नका. लग्नाआधीपासून नोकरी होती, बैठकीत ती सगळ्यांनी मान्य केली, तीन वर्षं दोघांनी दोन गावांतून संसार केला, हे तारखांसह लिहायचं. बैठकीला हजर असलेल्या दोघा-तिघांची नावं आत्ताच लिहून ठेवा, त्यात एखादा त्यांच्याकडचा माणूस असला तर उत्तम. येण्या-जाण्याची रेल्वे तिकिटं, रजेच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोटो, सगळं गोळा करा. व्हॉट्सॲपवरची बोलणी पुसू नका, तुमच्या विरोधातली सुद्धा. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील. आणि एक सांगून ठेवतो : तुम्ही सोलापुरात राहून जाऊन-येऊन करता. तेव्हा 'मला मुख्यालयी (म्हणजे शाळेच्या गावी) राहणं बंधनकारक आहे' हे वाक्य उत्तरात चुकूनही घालू नका. शिक्षकांच्या भांडणात हे वाक्य हमखास येतं आणि पुढच्याच तारखेला, मग मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता कसा घेता, असा विषय निघतो.

उत्तराच्या शेवटी प्रस्ताव हवा. आम्ही एकत्र राहायला तयार आहोत, ते असं असं करता येईल. हा भाग पोकळ असला तर न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतो, म्हणून जरा खोलात जातो.

अक्कलकोट तालुका पुण्याच्या बरोबर उलट्या दिशेला आहे. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, त्यावर तुमची शाळा आणखी पलीकडं. आंतरजिल्हा बदलीनं पुणे जिल्हा परिषदेत जाता येतं, पण तिथं ज्येष्ठता शून्यापासून सुरू होते आणि रांग लांब आहे. 'पती-पत्नी एकत्रीकरण' या संवर्गाची आशा नातेवाईक दाखवत असतील, तर ती सोडा. जोडीदार शासकीय, निमशासकीय किंवा तत्सम सेवेत असेल तर ती सवलत आहे. चाकणच्या खासगी कंपनीतला नवरा त्यात बसत नाही. आणि बसत असता तरी, नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमणूक हा हक्क म्हणून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बँक ऑफ इंडिया विरुद्ध जगजितसिंग मेहता प्रकरणात सांगितलेलं आहे.

मग जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बघा. माढा किंवा करमाळा तालुक्यात बदली मिळाली तर ज्येष्ठता जात नाही, आणि कुर्डुवाडी किंवा जेऊर ही दोन्ही ठिकाणं पुण्याच्या रेल्वेमार्गावर आहेत. कुर्डुवाडी धरली तर सोलापूरपासूनच सत्तर-ऐंशी किलोमीटर वाचतात, तुमच्या शाळेपासून त्याहून जास्त. रोजचं जाणं-येणं तरीही होणार नाही, हे मी जाणून आहे. पण शुक्रवारी रात्री घरी पोचणारा बाप आणि महिन्यातून एकदा उगवणारा बाप, यात मुलीच्या दृष्टीनं फरक आहे. दुसरीकडं यजमानांनाही विचारा की त्यांच्या कामाची जागा चाकणलाच का. सोलापूरजवळ चिंचोळीला एमआयडीसी आहे, अक्कलकोट रोडला आहे. पगार कमी मिळेल. किती कमी, आणि तुमचा पगार गेला तर घरात किती कमी येईल, हे दोन आकडे एकाच कागदावर मांडा. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांपुढं तत्त्व मांडून काही होत नाही, हिशोब मांडला की आवाज खाली येतात.

तुमच्याकडं आणखी एक साधन आहे. बालसंगोपन रजा एकूण १८० दिवस मिळते. ती टप्प्याटप्प्यानं मंजूर करून घेऊन काही दिवस मुलीसह पिंपरीत राहून या. खरंच राहायची इच्छा असेल तरच हं. नाटक म्हणून गेलात तर पुन्हा भांडण होईल आणि या खेपेला ते पोलीस चौकीपर्यंत जाईल.

समजा, हे सगळं करूनही दावा झाला आणि हरलात, तर काय? कुणी हाताला धरून नेत नाही. १८८७ मध्ये मुंबईत रखमाबाईंना कोर्टानं सांगितलं होतं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. आणि त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती. अशा हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्येच गेली. आता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली मालमत्ता जप्त करता येते, एवढंच उरलंय. खरा परिणाम दुसरा : हुकूम होऊन वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर कलम १३(१अ) खाली दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. बरेच नांदण्याचे दावे नांदवण्यासाठी नसतातच, त्या दारातून बाहेर पडण्यासाठी असतात. यजमानांचा तसा बेत आहे की ते खरोखर एकटेपणाला कंटाळले आहेत, हे मला सोलापुरात बसून सांगता येणार नाही. तुम्हाला येईल.

मुलीची काळजी सध्या तरी करू नका. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं असावं, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्येच आहे. फक्त बापाला भेटण्यापासून अडवू नका. तुम्ही कमावत्या असलात तरी मुलीच्या खर्चाचा वाटा बापानं उचलायचा असतो, तेही उत्तरात एका ओळीत लिहा.

दावा त्यांनी पुण्यात लावला तर घाबरू नका. लग्न जिथं झालं किंवा सामनेवाला जिथं राहतो तिथं दावा चालतो, म्हणजे सोलापूर तर आहेच; पण 'शेवटचं एकत्र वास्तव्य पिंपरीत होतं' असं म्हणून ते पुणं निवडू शकतात. तसं झालं तर लहान मूल आणि नोकरी ही कारणं देऊन खटला सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात वर्ग करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडं अर्ज करता येतो. अशा अर्जात बायकोची सोय बहुतेक वेळा पाहिली जाते. कौटुंबिक न्यायालयात खटला चालण्याआधी समुपदेशकासमोर बसवतात. तिथं वकील बोलत नाहीत, तुम्ही दोघंच बोलता. कुर्डुवाडीकडच्या बदलीचा कागद आणि पगाराचा हिशोब तिथं बरोबर न्या.

आज संध्याकाळी नंबर अनब्लॉक करा. भांडणाबद्दल काही लिहू नका. मुलीचा एक फोटो आणि 'या रविवारी येताय का, नसेल जमत तर मी हिला घेऊन येते' एवढंच लिहा. उत्तर येवो न येवो, मेसेज पुसू नका. मग सोमवारी शाळा सुटल्यावर नोटीस आणि तिचं पाकीट घेऊन वकिलाकडं जा. पाकिटावरच्या शिक्क्यावरची तारीख लागते.