सिनॉप्सिस पाठवण्याआधी

जळगाव, वैशाख

प्रिय डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद. (या हाकेची अजून सवय झाली नसेल. होईल.)

तुझ्या एम.डी.च्या प्रबंधाची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, दोनदा वाचली. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सोरायसिस या खवल्यांच्या त्वचारोगासोबत येणाऱ्या सांध्यांच्या वातात, रक्तातल्या ऑटोअँटिबॉडीवरून (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या अँटिबॉडीवरून) आजार किती जोरात आहे ते ओळखता येईल का, हा प्रश्न चांगला आहे. पण सगळा भार लॅबवर टाकलायस. आर.ए. (रुमॅटॉइड) फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए या अशा अँटिबॉडींच्या तपासण्या करायच्या आणि पॉझिटिव्हवाले जास्त आजारी निघतात का ते बघायचं. कागदावर सोपं दिसतं. म्हणून आधी माझी एक चूक सांगतो.

2006 सालची गोष्ट. चिकुनगुन्याने गावंच्या गावं आखडली होती. ओपीडीत जो येई तो सांधे धरून येई. त्या गर्दीत यावलकडची एक बाई आली, केळीच्या बागेत मजुरी करणारी. "सकायले बोटं वयत नहीत, डाक्टर." उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर सुजलेलं. मी आर.ए. फॅक्टर करायला लावला, तो निगेटिव्ह आला. 'वात नाही, तापानंतरची कणकण आहे' असं सांगून गोळ्या दिल्या. दीड वर्षाने परत आली तेव्हा एक्स-रेत त्या पेराचं हाड कुरतडलेलं होतं. बडगीत भरीत ठेचताना दांडा हातात धरवत नाही म्हणाली. तेव्हा कुठे मी तिचा हात खिडकीच्या उजेडात नेला. नखांवर बारीक बारीक खड्डे, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे. कानामागे खवल्यांचा चट्टा, पदराखाली झाकलेला. ती त्याला कोंडा म्हणत होती. भावाला अंगभर तेच. दीड वर्षापूर्वीही हे सगळं असणार. रिपोर्ट मी नीट वाचला होता, नख एकदाही पाहिलं नव्हतं.

या आजारात आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह येणं हाच नियम आहे, तरी आपल्याकडे अजून 'आर.ए. निगेटिव्ह म्हणजे वात नाही' असं छातीठोक सांगतात. उलट बाजूनेही घोळ होतो. म्हातारपणी, क्षयात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी जरा जास्त भरवशाची. सोरायटिक आर्थ्रायटिसच्या थोड्या रुग्णांत ती सापडते आणि अशांचे जास्त सांधे धरलेले, हाडं जास्त झिजलेली असतात, असं अनेकांच्या पाहणीत दिसलंय. म्हणजे तुझा विषय पोकळ नाही. फक्त रस्त्यात खड्डे आहेत.

सगळ्यात मोठा खड्डा तूच खणून ठेवलायस. रुग्ण निवडायला तू 2006 चे कॅस्पर निकष, म्हणजे हा आजार ठरवायची गुणांची यादी, घेतलेस. रास्तच आहे, सगळे तेच घेतात. पण त्यातले गुण मोजून बघ. सांध्यांना दाह हवाच, शिवाय तीन गुण हवेत. आज अंगावर सोरायसिस असला तर दोन, आणि आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह असला की एक. झाले तीन, रुग्ण आत आला. आर.ए. पॉझिटिव्ह माणसाला मात्र तो एक गुण दुसरीकडून आणावा लागतो: नखं बिघडलेली, बोट सॉसेजसारखं सुजलेलं किंवा एक्स-रेत सांध्यालगत नवं हाड. म्हणजे पॉझिटिव्ह गटात शिरणारा माणूस दारातच जास्त खुणा घेऊन येतो. मग शेवटी 'पॉझिटिव्ह रुग्णांचा आजार तीव्र' असं निघालं, तर ते अँटिबॉडीने दाखवलं की तुझ्या दरवाज्याने? परीक्षकाने हा प्रश्न विचारायच्या आत तू स्वतःला विचार. माझं मत असं की आर.ए. फॅक्टर बाजूला ठेव, अँटी-सीसीपीवर भर दे आणि आर.ए.चा गुण न धरताही किती जण निकषात बसतात ते वेगळं मांड.

तीव्रता मोजायला डीएएस-28 ही 28 सांध्यांची मोजणी लिहिलीयस, ती खोड. त्या 28 सांध्यांत पावलं नाहीत, घोटे नाहीत आणि बोटांची शेवटची पेरंही नाहीत. माझ्या यावलच्या बाईचं ते बोट त्यात मोजलंच गेलं नसतं! डीएप्सा घे, ती याच आजारासाठीची मोजणी आहे. दुखऱ्यासाठी 68 सांधे, सुजेसाठी 66, कारण खुब्याचे दोन सांधे इतके खोल असतात की सूज हाताला लागत नाही. त्यात रुग्णाने सांगितलेलं दुखणं, त्याला एकंदर कसं वाटतं ते, आणि सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण. वेळ लागतो. लागू दे. आणि सांधे मोजणाऱ्याला रक्ताचा रिपोर्ट माहीत नसावा. तू स्वतः मोजणार असशील तर लिफाफे बंद ठेव. आजची सूज आणि आजवरची झीज एकाच रकान्यात कोंबू नकोस, झिजेसाठी हातापायांचे एक्स-रे आहेत.

बिडी-सिगारेटचं प्रत्येकाला विचार, धूम्रपानाचा अँटी-सीसीपीशी संबंध आहे. शिवाय एखाद्याला साधा सोरायसिस आणि साधा रुमॅटॉइड वात असे दोन्ही असू शकतात, एका वाड्यात दोन भाडेकरू असावेत तसे. असा माणूस तुझा सगळा हिशेब वाकडा करेल. रक्ताचा नमुना उपचार सुरू व्हायच्या आधी घे, कारण टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन अडवणाऱ्या इंजेक्शनांनी एएनए नव्याने पॉझिटिव्ह होऊ शकतो. सीरम (रक्त साकळल्यावर उरणारं पाणी) नीट गोठवलेला ठेव. आपल्याकडची वीज तुला माहीतच आहे. फ्रीझरला इन्व्हर्टर आहे का ते आधी विचार, संगणकाला असला-नसला तरी चालेल.

एलएल-37 बद्दल विचारलं होतंस. 37 अमिनो आम्लांची साखळी, सुरुवातीला दोन ल्यूसीन, म्हणून ते नाव. जंतू मारायला शरीर स्वतःच बनवतं. सोरायटिक आर्थ्रायटिसच्या रुग्णांत तिच्याविरुद्ध अँटिबॉडी सापडल्यात आणि आजाराच्या जोराशी त्यांचा मेळ दिसल्याचंही छापून आलंय. मला स्वतःला हे अँटी-सीसीपीपेक्षा जास्त ओढ लावणारं वाटतं, कारण ते कातडीतून सांध्याकडे जातं. पण रोजच्या लॅबमध्ये ही तपासणी अजून नाही. तीन वर्षांच्या एम.डी.त हे ओझं डोक्यावर घेऊ नकोस. सीरमची एक जादा कुपी मात्र प्रत्येकाची ठेव, एथिक्स समितीची आणि रुग्णाची परवानगी घेऊन.

येत्या रविवारी ती यावलची बाई तपासायला येणार आहे. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे वाताचं औषध घेते, सोमवारी, आणि मला भेटायला येताना केळीचा घड विसरत नाही. तूही ये, तिच्या हाताचे सगळे सांधे मोजून दाखव. येताना भिंग आण. माझं नातवाने मुंग्या बघायला नेलंय.

— सर