मोटरहोमच्या टायरमधील हवेवर पाळत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझ्या मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) डॅशबोर्डवर टायरमधील हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा आधीपासूनच आहे. तरीही हवेचा दाब मोजणारी वेगळी प्रणाली घेण्याची गरज आहे का?

उत्तर: तो दिवा कशाच्या आधारावर पेटतो, हे प्रथम गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. अनेक गाड्यांत टायरच्या आत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते चाक इतर चाकांपेक्षा थोडे जास्त वेगाने फिरते, आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरने टिपलेल्या या फरकावरून यंत्रणा अंदाज बांधते. या पद्धतीत प्रत्यक्ष दाब मोजला जात नाही. सगळ्या टायरमधील हवा महिनोन्महिने सारखीच उतरत गेली, तर फरक असा काही उरत नाही आणि दिवा पेटत नाही. मागे जोडचाके, म्हणजे प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन चाके, असतील तर ही पद्धत आणखी तोकडी पडते, कारण दोन्ही चाके एकाच हबला बांधलेली असल्यामुळे त्यांतील एक पंक्चर झाले तरी ती एकाच वेगाने फिरत राहतात.

टायरच्या आत खरेखुरे सेन्सर असले, तरी इशारा कोणत्या दाबाला मिळतो हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील एफएमव्हीएसएस 138 या वाहनसुरक्षा नियमानुसार ठरलेल्या दाबापेक्षा हवा 25 टक्के कमी झाल्यावर इशारा मिळणे पुरेसे मानले जाते. शिवाय तो नियम 4,536 किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांनाच लागू आहे आणि जोडचाके असलेली वाहने त्यातून वगळलेली आहेत. 80 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) लागणाऱ्या टायरच्या बाबतीत 25 टक्के घट म्हणजे थेट 60 पीएसआय. सामानाने आणि पाण्याने भरलेल्या मोटरहोमसाठी हा इशारा फार उशिराचा ठरतो. म्हणून प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दाखवणारी आणि इशाऱ्याची मर्यादा आपल्याला ठरवू देणारी प्रणाली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर घ्यावेत की टायरच्या आत बसणारे? माझ्या गाडीला मागे जोडचाके आहेत आणि व्हॉल्व्ह रबरी आहेत.

उत्तर: आपल्या पत्रातील शेवटचे तीन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी बनवलेले असतात. अशा व्हॉल्व्हच्या टोकावर सेन्सरचे वजन आले की चाक फिरताना तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो, प्रत्येक फेऱ्याला त्याच्या तळाशी ताण येतो आणि कालांतराने रबर तिथे तडकते. व्हॉल्व्ह बोटाने हलकेच एका बाजूला वाकवून रिममधून जिथे तो बाहेर येतो तिथे बारकाईने पाहावे. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर ती गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये. हवा जपण्यासाठी बसवलेल्या सेन्सरनेच हवा घालवू नये, यासाठी आधी नट लावून घट्ट बसवलेले धातूचे व्हॉल्व्ह घालून घ्यावेत.

त्यानंतरची निवड सोपी आहे. टोपीचे सेन्सर स्वतःला बसवता येतात आणि त्यांतील बऱ्याच प्रकारांत बॅटरी बदलता येते. आतील सेन्सर चोरीपासून, चिखलापासून आणि दगडाच्या माऱ्यापासून सुरक्षित राहतात. पण त्यांची बॅटरी सहसा सीलबंद असते आणि ती संपली की टायर रिमवरून उतरवून सेन्सरच बदलावा लागतो. टायर नवे घालण्याची वेळ जवळ आली असेल, तर आतील सेन्सर त्याच वेळी बसवून घेणे शहाणपणाचे. पंक्चर बुजवणारे द्रव टायरमध्ये घालण्याची सवय असल्यास आतील सेन्सर टाळावेत, कारण त्या द्रवाने सेन्सरचे छिद्र बुजू शकते.

जोडचाकांपैकी आतल्या चाकापर्यंत हात पोहोचावा म्हणून काही जण लवचिक नळ्या लावतात. नळीचे टोक रिमला पक्के बांधलेले नसेल, तर त्यावर सेन्सर मुळीच लावू नये. योग्य आकाराचे लांब धातूचे व्हॉल्व्ह अधिक भरवशाचे असतात. आतल्या चाकाकडे दुर्लक्ष मात्र परवडणारे नाही: त्यातील हवा गेली की त्याचा सगळा भार शेजारच्या टायरवर येतो, दोन्ही टायर एकमेकांना घासून तापतात, आणि स्टिअरिंगवर बसलेल्याला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

प्रश्न: सकाळी 80 पीएसआय भरलेला टायर दुपारी 93 दाखवतो आणि जादा दाबाचा इशारा वाजू लागतो. मी थांबून थोडी हवा सोडतो. हे योग्य आहे का?

उत्तर: कृपया हवा सोडू नये. आपल्याला दिसणारा आकडा अगदी अपेक्षित आहे. समजा, सकाळी टायरमधील हवा 15 अंश सेल्सिअस होती आणि चालून चालून ती 55 अंशांवर गेली, तर निरपेक्ष तापमान (उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेले) सुमारे 14 टक्क्यांनी वाढले आणि हवेचा एकूण दाबही त्याच प्रमाणात वाढतो. वातावरणाचा दाब धरून 80 पीएसआय म्हणजे जवळपास 95. त्याचे 14 टक्के म्हणजे साधारण 13, म्हणून काटा 93 वर येतो. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरचा दाब सांगितलेला असतो. गरम टायरमधून हवा सोडून तो 80 वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर 69 च्या आसपास असेल, जास्त दबेल आणि आणखी तापेल.

चूक इशाऱ्याच्या मर्यादेत आहे. जादा दाबाची मर्यादा थंड दाबाच्या 25 टक्के वर, म्हणजे येथे 100 पीएसआयला ठेवावी. कमी दाबाची मर्यादा ठरवण्यासाठी मात्र गाडीचे वजन माहीत असलेच पाहिजे, आणि बहुतेक जण नेमके हेच करत नाहीत. पाण्याची टाकी, इंधन, सामान आणि माणसे यांसह गाडीचा प्रत्येक अक्ष (ॲक्सल), जमल्यास प्रत्येक बाजू, वजनकाट्यावर मोजावी. जास्त भरलेल्या बाजूचे वजन धरून टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात किमान दाब पाहावा आणि त्या अक्षावरील सर्व टायरना तोच लावावा. तक्ता 72 सांगत असेल, तर 72 ला इशारा आणि सकाळचा थंड दाब 80, अशी मांडणी चांगली. फक्त टायर व रिम यांची कमाल मर्यादा ओलांडू नये. कॅम्पिंगच्या सीपी खुणेच्या टायरसाठी मागील एकेरी चाकांना बहुधा 5.5 बार, म्हणजे सुमारे 80 पीएसआय, इतका दाब सांगितलेला असतो. तिथे कंपनीचा आकडाच पाळावा.

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा, उन्हाचा चटका न लागलेला टायर.

प्रश्न: मागच्या चाकांचे आकडे अधूनमधून डिस्प्लेवरून नाहीसे होतात. सेन्सर खराब आहेत का?

उत्तर: बहुधा नाहीत. सेन्सरचा रेडिओ संदेश क्षीण असतो, आणि लांब गाडीत त्याला धातूचा सांगाडा, टाक्या आणि रिम यांतून वाट काढावी लागते. गाडीच्या मागील भागात 12 व्होल्टवर चालणारा रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारे उपकरण, बसवावा. मागे छोटी कार ओढत असाल तर तो हवाच, आणि त्या कारच्या चारही चाकांना सेन्सरही हवेत, कारण तिचा टायर फाटला तरी चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. रिपीटर लावूनही एकाच चाकाचा आकडा जात राहिला, तर त्या सेन्सरची बॅटरी तपासावी.

प्रश्न: या सेन्सरची निगा कशी राखावी? माझी गाडी वर्षातील बरेच महिने उभीच असते.

उत्तर: गाडी दीर्घकाळ उभी करताना टोपीचे सेन्सर काढून, कोणता कुठल्या चाकाचा हे लिहून कोरड्या डब्यात ठेवावेत आणि व्हॉल्व्हवर साध्या टोप्या लावाव्यात. काही सेन्सर गाडी उभी असतानाही संदेश पाठवत राहतात आणि बॅटरी संपवतात. बॅटरी बदलताना रबरी कडी पिचली नाही ना, हे पाहावे. तिथूनच पाणी आत शिरते. पितळी व्हॉल्व्हवर ॲल्युमिनियमचा सेन्सर बराच काळ राहिला, विशेषतः खारट हवेत, तर दोन्ही धातू गंजून एकमेकांना धरून बसतात आणि सेन्सर काढताना व्हॉल्व्हच पिळवटतो. आट्यांना गंजरोधक ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. व्हॉल्व्हच्या तोंडात मात्र ते जाऊ देऊ नये.

सेन्सर परत बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावे, आणि चांगल्या गेजने दाब मोजून डिस्प्लेशी ताडून पाहावा. दोन-तीन पीएसआयचा फरक चालतो. त्याहून मोठा आणि एकाच चाकावर दिसणारा फरक असेल, तर तो सेन्सर बदलावा. चाकांची अदलाबदल केली असेल तर डिस्प्लेमध्ये जागाही नव्याने नोंदवाव्यात. त्याच वेळी टायरच्या कडेवरील डॉट (DOT) या अक्षरांच्या खुणेचे शेवटचे चार अंक पाहावेत: पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. रबराला वयामुळे पडलेल्या भेगा कोणताही सेन्सर दाखवत नाही.