अबलख घोडा पांढराशुभ्र असतो का?

प्रश्न असा आहे : ‘वाड्याच्या दारात पांढराशुभ्र अबलख घोडा उभा होता’ या वाक्यातला ‘अबलख’ संपादकांनी खोडला. अबलख म्हणजे उमदा, रुबाबदार असंच ना?

नाही हो. खोडणाऱ्याचं बरोबर आहे. अबलख हा रंगाचा शब्द आहे, रुबाबाचा नाही. दोन रंगांचे मोठे ठळक पट्टे किंवा ठिगळं अंगावर असलेला, त्यातला एक रंग पांढरा, तो अबलख. बैल असता तर त्याला आपण बांडा म्हटलं असतं, कुत्रं असतं तर कबरं. पांढराशुभ्र अबलख म्हणजे एकरंगी बांडा!

मूळ शब्द अरबी, ‘अब्लक’. तो फारसीतून आपल्या पागेत आला आणि येताना शेवटच्या ‘क’चा ‘ख’ झाला, जसा बुर्क्याचा बुरखा झाला, वक्तचा वखत झाला. कैरो-दमास्कसकडच्या जुन्या इमारतींत काळ्या-पांढऱ्या दगडांचे आलटून-पालटून थर दिसतात, त्या बांधकामालाही अब्लकच म्हणतात. अरबीत एक मजेदार म्हणही आहे : कुणी अशक्य गोष्ट मागितली, की ‘याला गाभण अब्लक हवाय’. अब्लक हे रूप नराचं, तो गाभण कसा राहणार?

मग मराठीत त्याचा ‘देखणा’ कधी झाला? माझा अंदाज, कानाने घात केला. ‘अबलख’मध्ये लखलख, लख्ख ऐकू येतं. शिवाय घोडे दारातून गेले आणि शब्द तेवढे पुस्तकांत राहिले. ज्याने अबलख पाहिलाच नाही, त्याला तो पांढरा वाटला तर नवल नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मात्र ही चूक चालायची नाही. तिथे मारवाडी, काठेवाडी जनावरांचा सौदा होताना रंगही बघतात, आणि नुकरा, म्हणजे अस्सल पांढरा घोडा, मागितल्यावर अबलख पुढे केला तर गिऱ्हाईक पुढच्या दावणीला जाईल.

पांढऱ्यातही दोन जाती आहेत, आणि तुमच्या कथेला त्या उपयोगी पडतील. सब्जा घोडा जन्मतः गडद असतो, काळा किंवा तांबूस, आणि वर्षागणिक पिकत जातो, आपल्या केसांसारखा. व्हिएन्नाचे प्रसिद्ध पांढरे लिपिझानर घोडे असेच काळपट शिंगरं म्हणून जन्मतात. केस पांढरे झाले तरी खालची कातडी काळीच. आंघोळ घालताना अंग भिजलं की ती निळसर-काळी डोकावते, विशेषतः नाकपुड्यांभोवती. नुकऱ्याची कातडी गुलाबी, आणि तो जन्मापासून पांढरा. वरातीला मागणी असते ती याला.

अबलखाच्या अंगावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. गडद ठिगळाखाली काळी कातडी, पांढऱ्याखाली गुलाबी. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळून निघून सगळ्या अंगभर पसरतात. जिथे त्या पोचत नाहीत किंवा टिकत नाहीत, तिथे पांढरं ठिगळ राहतं. हे ठिगळ पुढे वयाने वाढत नाही की विटत नाही, त्यामुळे प्रत्येक अबलख आपल्या नकाशावरून आयुष्यभर ओळखू येतो.

आणखी एक गल्लत होते म्हणून सांगतो : चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरं, तो पंचकल्याणी. बाकी अंग एकरंगी असेल तर त्याला अबलख म्हणत नाहीत.

तेव्हा घोडा पांढराच हवा असेल तर ‘वाड्याच्या दारात नुकरा उभा होता’ एवढं पुरे, ‘पांढराशुभ्र’ही नको. पण मला विचाराल तर ‘अबलख’ ठेवा आणि ‘पांढराशुभ्र’ काढा. संध्याकाळी अंधारलेल्या दारात अबलख उभा असला, की त्याची पांढरी ठिगळं तेवढी आधी दिसतात, घोडा नंतर.