सरडा, गिरगिट आणि लाल गळा

दादरहून एका वाचकाने विचारलंय: 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीत कुंपणच का? आणि 'सरडा'ऐवजी 'गिरगिट' म्हटलं तर काय बिघडतं?

बिघडतं! लोकलमध्ये, मालिकांत, शाळकरी पोरांच्या तोंडी हल्ली जिथे तिथे 'गिरगिटासारखे रंग बदलतो'. हिंदीत तो शब्द शोभतो. आपला 'सरडा' धडधाकट असताना उसनवारी कशाला? संस्कृत 'सरट', प्राकृत 'सरड', मूळ धातू 'सृ'. एवढं कोणताही कोश सांगेल.

खरा खजिना अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात आहे: 'सरटः कृकलासः स्यात्', म्हणजे सरट तोच कृकलास. 'कृक' म्हणजे गळा. 'लस्' म्हणजे झळकणं, खेळणं; 'लास्य' हे नृत्याचं नाव त्याच धातूचं. पावसाच्या तोंडावर आरेत जा आणि घाणेरीच्या शेंड्यावरचा नर बघा. एरवी मातकट अंग, मानेपासून पाठीवर उतरत गेलेली काट्यांची करवत, धडाच्या दुपटीहून लांब शेपूट. विणीच्या दिवसांत मात्र डोकं नि गळा लालभडक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग. पुढच्या पायांवर जोर काढत, गळा फुगवत तो दुसऱ्या नराला दटावतो. झळकणं आणि नाचणं एकाच गळ्यात! ज्याने 'कृकलास' हा शब्द घडवला त्याने हाच नर पाहिला असणार, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स 'कृकलास'पुढे पाल-सरड्यांच्या जोडीला शॅमेलिऑनही बसवतात, ते मला साफ अमान्य. शॅमेलिऑन म्हणजे आपला घोयरा: चिमट्यासारखे पंजे, दोन दिशांना फिरणारे डोळे, झुलत झुलत टाकलेलं एकेक पाऊल. लाल गळ्याचा हा थाट त्याच्याकडे कुठला? आणि रंग बदलायला घोयराच लागतो असंही नाही. फ्रेंच अभ्यासक दोदँ यांनी 1802 साली आपल्या सरड्याला नाव दिलं तेच 'व्हर्सिकलर', रंग पालटणारा.

राहिलं कुंपण. म्हण रचली तेव्हा कुंपण म्हणजे निवडुंग, मेंदी, बाभळीच्या फांद्या. सरड्याला उन्हाची उंच बैठक, किडे आणि आडोसा तिथेच मिळतो. मादी अंडी घालायला तेवढी ओल्या मातीत उतरते. गवतात किडा टिपायला आलेला सरडा चाहूल लागली की सुसाट सुटतो, तो थेट त्या काट्यांत शिरेपर्यंत.