तीन शब्दांचा ठसका

ताई, आई ७८ वर्षांची. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून कोल्हापूरजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. या पावसाळ्यात न्यूमोनियानं दोनदा ॲडमिट करावं लागलं, दुसऱ्यांदा तर आयसीयूत. ताप नव्हता म्हणे, नुसती पडून होती. भाऊ म्हणतो, हा आश्रमाचा हलगर्जीपणा. मी दर रविवारी न चुकता जाते, घरचा पांढरा रस्सा नेते, पडल्या पडल्या चार चमचे भरवते. ठसका लागतो थोडा, पण तेवढीच ती खुलते. दोन्ही वेळा आश्रमातून मंगळवारी फोन आला. तक्रार करू, की तिला तिथून हलवू?
– एक लेक, राजारामपुरी

लेकी,

तुझ्या पत्रातले तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. 'ठसका लागतो थोडा.' थोडा नाही गं. दुखणं तिथंच असायची दाट शक्यता आहे.

झटक्यानंतर पुष्कळांचं गिळणं बिघडतं. घोट उतरताना श्वासनळी मिटायला हवी, ती वेळेवर मिटत नाही. दाट घास जरा सावकाश सरकतो. रस्सा, चहा, पाणी मात्र सर्रकन धावतं आणि वाट चुकतं. त्यात आडवं निजवून भरवलं की विचारायलाच नको. अन्न आणि तोंडातले जंतू फुफ्फुसात उतरतात आणि एक-दोन दिवसांत माणूस धापा टाकायला लागतं. रविवार आणि मंगळवार. तूच लिहिलंयस.

रस्साच कारणीभूत, असं मी नुसत्या पत्रावरून म्हणणार नाही. ठसका सकाळच्या चहालाही लागत असेल. पण हे तू डॉक्टरांना एकदा तरी सांगितलंस का? पत्रात तसं कुठं दिसत नाही, आणि याचा मला राग आलाय. आश्रमातल्या मावशींवर मात्र माझा राग नाही. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात ताप-खोकला येतोच असं नाही. कधी नुसतं जेवण सुटतं, झोप वाढते, बोलणं असंबद्ध होतं, श्वास भराभर चालतो. 'नुसती पडून आहे' एवढ्यावरून त्यांनी दोन्ही वेळा ओळखलं आणि फोन केला. त्यांची तक्रार कसली करतेस?

येत्या रविवारी डबा नेऊ नकोस. तक्रारीचा कागदही ठेवून दे. आईच्या गिळण्याची तपासणी करून घे, बास. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखव, नाहीतर तिच्या डॉक्टरांकडून स्पीच थेरपिस्टकडं चिठ्ठी घे. हे लोक बोलणं शिकवतात तसं गिळणंही तपासतात. काय चालेल, किती दाट हवं, कसं बसवायचं, हे तेच ठरवतील.

आश्रमात मात्र आजच फोन करून ठसक्याचं सांग. तपासणी होईपर्यंत तिला पाठीला आधार देऊन ताठ बसवूनच भरवायचं, अर्धा अर्धा चमचा, आधीचा उतरल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मधूनच तिला तुझं नाव घ्यायला लाव. आवाज ओला, घशात पाणी साठल्यासारखा घुरघुरला, तर हात आवर. काहींना ठसकासुद्धा लागत नाही, नुसता असा आवाज बदलतो. कवळी असेल तर रात्री काढायची, तोंड रोज दोनदा साफ करायचं. तोंडात घाण कमी तर छातीत जंतू कमी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीचंही त्याच खेपेला विचार.

रिकाम्या हातानं जायला तुझा जीव धजणार नाही, ठाऊक आहे मला. तेलाची बाटली आणि फणी ने. तिला उठवून बसव, मागं बस आणि सावकाश वेणी घाल. तशीही ती अर्धा तास ताठ बसेल. सोमवारी सकाळी केस पेपर काढलास की मला कळव.

– ताई