चार पानं लिहिली, तरी साडेतीनच गुण?

प्रश्न : माझी मुलगी वडोदऱ्यात सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत अकरावीला आहे. इतिहास तिचा जीव की प्राण. यंदाचं पुस्तक सगळं जगाच्या इतिहासाचं : मेसोपोटेमिया, रोम, मंगोल, चीन-जपान. युनिट टेस्टमध्ये ‘मेसोपोटेमियात लेखन का सुरू झालं?’ या आठ गुणांच्या प्रश्नाला तिने चार पानं लिहिली. एकही चूक नाही, तरी गुण साडेतीन. मैत्रिणीने दीड पान लिहिलं, तिला सहा. शेरा फक्त ‘प्रश्न वाचा’. शिवाय वर्गात बोलण्यालाही पाच गुण आहेत आणि ही वर्गात तोंड उघडत नाही. घरी मराठी, बाहेर गुजराती, पेपर इंग्रजीत. त्या दिवसापासून ती पुस्तकाला हात लावत नाही. थेट प्राचार्यांना भेटावं का? उत्तरपत्रिकेचे फोटो सोबत पाठवते.
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : चारही पानं मी दोनदा वाचली. मुलीने मेहनत घेतली आहे हे ओळीओळीत दिसतं. पहिल्या पानावर आजच्या इराकमधल्या टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्या, आणि ‘मेसोपोटेमिया’ हे नाव कोणत्या ग्रीक शब्दांवरून आलं ते. दुसऱ्यावर उर, उरुक, मारी ही शहरं आणि वार्काला सापडलेलं स्त्रीचं संगमरवरी शिर. लेखन हा शब्द पहिल्यांदा येतो तो तिसऱ्या पानाच्या मध्यावर. तिथे ती इ.स.पू. ३२०० हा सुमार देते, ओल्या मातीच्या पाट्या आणि बोरूने उमटवलेल्या खुणा सांगते. सगळं बरोबर आहे. पण हे झालं ‘केव्हा’ आणि ‘कसं’. प्रश्न होता ‘का’. त्याचं उत्तर पान संपता संपता एका वाक्यात आलं आहे, ‘व्यवहाराची नोंद ठेवण्यासाठी’, आणि ते वाक्य तिने तिथेच सोडून दिलं. मी चार दिले असते. अर्ध्या गुणासाठी भांडू नका.

ते एक वाक्यच खरं तर अख्खं उत्तर होतं, म्हणून मला हळहळ वाटली. तिला घेऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी उभ्या राहा. दूधवाला आला नाही त्या तारखेवर तुम्ही खाडा मांडता ना? का मांडता? महिनाअखेर हिशेब करायचा असतो आणि तीस दिवसांचं दूध डोक्यात राहत नाही. एकाच दिवसाचं दूध असतं तर कुणी पेन्सिल शोधली नसती. आता हेच उरुकच्या मंदिरात नेऊन बघा. बैल येतायत, मासे येतायत, भाकऱ्या वाटल्या जातायत; आणणारे वेगळे, नेणारे वेगळे, वेळा वेगळ्या. तिथल्या सुरुवातीच्या पाट्या जवळजवळ ५,००० आहेत, आणि त्या काव्य नाहीत की राजाची स्तुती नाही. त्या याद्या आहेत. आकडे आणि चित्रासारख्या खुणा.

आता एक पायरी मागे जायचं. एवढी देवघेव का होती? दक्षिण मेसोपोटेमियात धान्य आणि कापड भरपूर, पण चांगला दगड नाही, लाकूड नाही, धातू नाहीत. हे सगळं बाहेरून आणायचं. म्हणजे जमिनीमुळे व्यापार, व्यापार आणि मंदिरांच्या कारभारामुळे माणसांची नि मालाची गर्दी, आणि त्या गर्दीमुळे नोंद. पाठ्यपुस्तकात राजा एनमेर्करची गोष्टही आहे. दूर अरट्टाच्या राजाकडे मौल्यवान खडे आणि धातू मागायला पाठवायचा निरोप दूताला पुन्हा पुन्हा नीट सांगता येईना, म्हणून राजाने मातीची पाटी केली आणि शब्द तिच्यावर लिहिले. मुलीने ही गोष्ट मुळीच घेतलेली नाही. ती खरी घडली की नाही हा इथे प्रश्न नाही. त्या लोकांच्या मनात लेखनाचं नातं व्यापाराशी आणि राजाशी जोडलेलं होतं, हे तिच्यावरून दाखवता येतं. जी मुलगी हे दाखवते तिला मी सातच्या खाली जाऊ देत नाही, मग पान दीड असो की एक.

मैत्रिणीचं दीड पान मी पाहिलेलं नाही, पण सहा गुण का मिळाले असतील याचा अंदाज येतो.

इथे मला एक कबूल करायचं आहे. मी वडोदऱ्यात ३१ वर्षं इतिहास शिकवला, आणि पहिली काही वर्षं पानं बघून गुण दिले. गठ्ठा मोठा असे, रात्र झालेली असे, भरलेली पुरवणी दिसली की हात आपोआप सैल सुटे. एका मुलाने एक पान लिहून नेमकं उत्तर दिलं होतं आणि मी त्याला दहापैकी चार दिले. तो भांडला नाही. पुढच्या पेपरात त्याने सहा पानं भरली, आणि त्यात उत्तर नव्हतं. ते मी त्याला शिकवलं होतं. तुमच्या मुलीलाही कुणीतरी आधी हेच शिकवलेलं असणार. दहावीपर्यंत ‘जास्त लिही, सुटायला नको’ हे सगळेच सांगतात, घरचेही, ट्यूशनवालेही.

भाषेचं म्हणाल, तर एक उपाय माझ्या वर्गात हटकून चालायचा. प्रश्न वाचला की उत्तर आधी मराठीत तोंडी सांगायचं, ज्याला मेसोपोटेमिया ठाऊक नाही अशा माणसाला. घरात आजी असतील तर फारच उत्तम. आजी तीनदा ‘पण का गं?’ म्हणाल्या की मुद्दे आपोआप रांगेत येतात. मग इंग्रजीत फक्त ते तीन मुद्दे, आणि प्रत्येकाला ‘त्यामुळे’ने पुढच्याला बांधायचं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

आता तुमची तक्रार. ‘प्रश्न वाचा’ हा शेरा पुरेसा नाही, हे मी शिक्षिका म्हणूनच सांगते. कशाला किती गुण, ही फोड मुलांना पेपरच्या आधी माहीत असली पाहिजे. वर्गात बोलण्याचे पाच गुण ठेवायचे असतील, तर रोज हात वर करणारी आणि महिन्यातून एकदाच नेमका प्रश्न विचारणारी, या दोघींना ते कसे मिळतात हेही सांगायला हवं. अबोल मुलीचे गुण अबोलपणासाठी कापणं मला कधीच पटलेलं नाही. हे जरूर विचारा. पण आधी बाईंना भेटा, प्राचार्यांना नाही, आणि मुलीला बरोबर न्या. ‘गुण वाढवा’ म्हणू नका. ‘या प्रश्नाचं सात गुणांचं उत्तर कसं असतं, ते एकदा दाखवाल का?’ एवढंच म्हणा. बहुतेक शिक्षकांना असं कुणी विचारतच नाही.

प्रश्न : अकरावीच्या इतिहास प्रोजेक्टला २० गुण आहेत. रंगीत प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंग केलं तर जास्त मिळतात का? विषयही सुचवा.
– एक विद्यार्थी, रावपुरा

उत्तर : बाइंडिंगचे पैसे वाचव. कमाटीबागेतल्या संग्रहालयात जा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९४ साली ती इमारत झाली. तिथे इजिप्तची ममी आहे. लहानपणी पाहिली असशील, आता वही घेऊन जा आणि अर्धा तास उभा राहून जे दिसतं तेच लिही. मग स्वतःला विचार, एका संस्थानाच्या राजाला नाईलकाठची वस्तू आपल्या शहरात का हवी होती? ममी कशी बनवतात, हा विषय घेऊ नकोस. तो नेटवरून उतरवलेला दर वर्षी निम्म्या वर्गाच्या फाइलीत असतो, आणि तोंडीत दुसऱ्याच प्रश्नाला मुलं गप्प होतात. तू संग्रहालयात काढलेलं कच्चं टिपण खाडाखोडीसकट फाइलीला जोड.